कराराचा अर्थ कोणी लावावा?

कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांनी महिनोन्‌महिने वाटाघाटी करून सामुदायिक करारावर सह्या कराव्यात आणि वर्षभरातच त्यातील एखाद्या कलमाचा अर्थ वादग्रस्त व्हावा, तर त्याचा निवाडा दिवाणी न्यायालयाने करावा, औद्योगिक न्यायाधिकरणाने करावा, की उभय पक्षांनी स्वतः निवडलेल्या लवादाने, हा प्रश्न जबलपुरात केवळ पुस्तकी नाही. कारण मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय 1956 पासून याच शहरात आहे, केंद्र सरकारचे औद्योगिक न्यायाधिकरण येथेच बसते, आणि गन कॅरेज फॅक्टरी व खमरिया यांसारख्या आयुधनिर्माणींवर येथील असंख्य कुटुंबांची उपजीविका चालते.

छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच-कन्हानच्या कोळसा खाणींतील कामगाराचे उदाहरण घ्यावे. त्याचे वेतन, भत्ते, इतकेच नव्हे तर तो सेवेत असता मृत्यू पावल्यास त्याच्या वारसाला मिळावयाची नोकरी, हे सारे राष्ट्रीय कोळसा वेतन करारातील कलमांवर अवलंबून असते. आणि अशा करारातील तरतुदी उभय पक्षांवर बंधनकारक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली वारसाच्या नोकरीसंबंधीच्याच एका खटल्यात स्पष्ट केले. तरीही नोकरी नाकारली गेली, तर त्याच्या विधवेने दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून भागत नाही.

असे का, याचे उत्तर मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या खटल्यात मिळते. 1971 साली कंपनीने एका युनियनशी केलेला करार आपल्याला बंधनकारक नाही, असे म्हणत दुसऱ्या युनियनचे कामगार दिवाणी न्यायालयात गेले. परंतु 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की जो हक्क 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानेच निर्माण केला, त्याची दादही त्याच कायद्याने नेमलेल्या ठिकाणी मागितली पाहिजे. हक्क सर्वसाधारण कायद्यातून आलेला असेल तरच कामगाराला दोहोंपैकी एक मार्ग निवडता येईल. हा निर्णय मला तत्त्वतः योग्य वाटतो, कारण हजारोंच्या जीवनाला स्पर्श करणारा करार हा दोन व्यापाऱ्यांमधील सौदा नव्हे. परंतु न्यायाधिकरणाकडे सामुदायिक वाद सोपविण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारच्या हाती ठेवला होता, आणि संघटनेची तक्रार, समेट अधिकाऱ्यापुढील बैठका, सरकारचा हुकूम, मग तारखांमागून तारखा, या क्रमात ज्याला घर चालवावयाचे असे त्याची उमेद खचून जाई.

म्हणूनच लवादाचा मार्ग इतका उपेक्षित राहावा याची खंत वाटते. 1918 च्या अहमदाबादच्या गिरणी संपात गांधीजींनी लवादाचे तत्त्व मान्य करविले आणि आनंदशंकर ध्रुवांनी लवाद म्हणून 35 टक्के वाढीचा निवाडा दिला. 1956 साली ऐच्छिक लवादाला औद्योगिक विवाद कायद्यात स्वतंत्र कलमही मिळाले. अमेरिकेत तर 1960 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, करारात लवादाचे कलम असल्यास अर्थ लावण्याचे काम लवादाचेच, न्यायालयाने त्यात आपले मत घुसडू नये, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे लवादाच्या मनमानीची भीती पुढे केली जाते. पण कायद्याची मर्यादा ओलांडणारा लवादाचा निवाडा उच्च न्यायालय रद्द करू शकते, हे रोहतास इंडस्ट्रीजच्या खटल्यात 1975 सालीच ठरले आहे.

जबलपूरच्या आयुधनिर्माणींतील कामगारांना हा मार्ग अपरिचित नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1966 साली सुरू झालेल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत मतभेद मिटला नाही तर सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. मात्र ती वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढ्यापुरतीच, तीही संपूर्ण वर्गासाठी, एकट्यादुकट्याच्या गाऱ्हाण्यासाठी नव्हे, आणि निवाड्यावर अखेरचा शब्द संसदेचा.

2020 साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही लवाद ऐच्छिकच ठेवला आहे. तेव्हा पुढील कोळसा कराराचा मसुदा होत असताना वेतनाच्या आकड्यांइतकाच आग्रह संघटनांनी या एका कलमासाठी धरावा, की अर्थाविषयी वाद उद्भवल्यास तो अमुक लवादाकडे जाईल आणि अमुक महिन्यांत त्याचा निवाडा होईल.