खाटेपर्यंतचा रेडिओ

दुपारचा चहा फिरून गेला की वॉर्डात दोन माणसं येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. ती औषधाचं विचारत नाहीत, आजाराचं तर नाहीच नाही. खाटेपाशी थांबून एवढंच विचारतात, "आज संध्याकाळी तुमच्यासाठी कुठलं गाणं लावू?" नाव, वॉर्ड आणि गाणं वहीत उतरतं आणि माणसं पुढच्या खाटेकडे सरकतात. रात्री आठच्या सुमारास त्याच इस्पितळातल्या एखाद्या अडगळीच्या खोलीतून ते गाणं लागतं आणि त्याआधी पेशंटचं नाव घेतलं जातं. फक्त पहिलं नाव. आडनाव नाही, दुखणं नाही.

ब्रिटनमधला 'हॉस्पिटल रेडिओ' तो हाच. तो चालवणारं कुणी निवृत्त बँकवाला, कुणी कॉलेजातली पोरगी, कुणी दिवसभर दुकान सांभाळून आलेला. पगार कुणालाच नाही. खर्च देणग्यांवर आणि जत्रेत लावलेल्या स्टॉलवर भागतो.

याची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांना हेडफोनवर कार्यक्रम ऐकवले गेले. ब्रिटनमध्ये पहिला मान यॉर्कच्या काउंटी हॉस्पिटलचा. १९२५ मध्ये तिथे दोनशे खाटांना हेडफोन आणि सोबत सत्तर लाऊडस्पीकर बसले. ऐकवायचं काय, तर सामन्यांचं धावतं वर्णन आणि चर्चमधली प्रार्थना. पुढे फुटबॉलच्या मैदानातून थेट टेलिफोनच्या तारेवर वॉर्डात समालोचन पोचवायची रीत पडली. १९७० आणि ८०च्या दशकांत तर अशी तीनशेहून अधिक केंद्रं होती.

यात एक लबाडीही आहे, आणि ती मला आवडते. येणाऱ्यांतल्या पुष्कळांना खरी ओढ मायक्रोफोनची असते. ग्लासगोच्या इस्पितळांसाठी बोलत बोलत केन ब्रूस पुढे बीबीसीचे नामांकित निवेदक झाले. असं एक नाव झालं की शंभर पोरं रांगेत उभी राहतात. पण जुनीजाणती केंद्रं नवख्याला लगेच खुर्चीत बसवत नाहीत. आधी वॉर्डात फिरवतात. हात धुणं, आजार न विचारणं, झोपलेल्याला न उठवणं, रडणाऱ्यापाशी घाई न करणं हे आधी शिकायचं, बटणं मागाहून. मरणाचा उल्लेख असलेली गाणी चाळून बाजूला ठेवायची, हा अलिखित नियम. गाण्याच्या निमित्ताने जी दहा मिनिटं बोलणं होतं, खरं काम त्यातच झालेलं असतं. रात्रीचा कार्यक्रम न ऐकताच एखादी म्हातारी झोपी गेली असेल, तरी काही बिघडत नाही.

मुलांसाठीचा याचा अवतार म्हणजे 'रेडिओ लॉलीपॉप'. १९७९ मध्ये लंडनच्या दक्षिणेला कार्शल्टनमधल्या क्वीन मेरीज या मुलांच्या इस्पितळात तो सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. या रेडिओत पोरंच निवेदक होतात, स्वयंसेवक त्यांच्याशी खेळायला येतात.

मग खाटेशी टीव्ही आला आणि खिशात मोबाईल. २०२० साली कोविडमध्ये स्वयंसेवकांना इस्पितळाचं दारच बंद झालं, तेव्हा कित्येकांनी घरच्या खोलीतून प्रसारण चालू ठेवलं. केंद्रं पूर्वीपेक्षा कमी झाली, पण मेली नाहीत. गाणं तर कुणाच्याही मोबाईलवर लागतं. वही घेऊन येणारा माणूस मोबाईलवर येत नाही.

हे सगळं जळगाव-धुळ्यात बसून वाचताना पहिला विचार येतो तो असा, की आपल्याकडे हे हवंच कशाला? आपला पेशंट एकटा कुठे असतो? जळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा धुळ्याला चक्करबर्डीच्या हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका खाटेमागे सोबतीची माणसं असतातच. खाटेखाली चटई, उशाशी भाकरीचं फडकं, बाहेर झाडाखाली आणखी चारजण. भेटायला ठरावीक वेळ, मग रात्रभर भिंतीकडे बघत पडणं, हा एकटेपणा ब्रिटनच्या इस्पितळाचा. हॉस्पिटल रेडिओ त्यावरचा इलाज.

आपल्याकडे हरवलेला असतो तो सोबतचा माणूस. केस पेपर कुठे काढायचा, रक्ताची पिशवी कुठून आणायची, रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स कुणाला दाखवायची? पाड्यावरून पहिल्यांदा शहरात आलेल्या बाईला हे सांगायला सगळ्यांना वेळ असतो, फक्त तिला कळेल अशा भाषेत कुणी सांगत नाही. शिरपूर-चोपड्याकडून पावरा येतात, यावल-रावेरच्या बाजूने तडवी, साक्री-शिंदखेड्याचे लोक अहिराणी बोलणारे. भिंतीवरच्या पाट्या मात्र सरकारी मराठीत.

म्हणून खान्देशात हा रेडिओ झालाच, तर तो खाटेवरच्यापेक्षा खाटेखालच्यासाठी व्हावा असं मला वाटतं. दोन गाण्यांच्या मध्ये अहिराणीत आणि पावरीत सांगायचं, की रक्तपेढी या मजल्यावर, धर्मशाळा त्या गेटाशी, रात्रीचं जेवण अमक्या दारी. माणसं मिळणं अवघड नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं आहेत, आणि त्यांतली बरीच घरी अहिराणीच बोलतात. आकाशवाणी जळगावच्या जोडीने वाढलेली एक पिढी निवृत्त होऊन घरी बसली आहे, तिला तर माईकचं आकर्षण आजही आहे. 'कोठे जानं शे?' एवढं विचारणारा माणूस दारात उभा राहिला तरी निम्मा वॉर्ड सुटेल.

कायद्याची वाट अगदीच बंद नाही. २००६च्या धोरणाने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला, शंभर वॅटच्या मर्यादेत. म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही रेडिओवाहिनी त्याच वाटेने गावोगाव पोचली. पण इस्पितळाच्या आवारापुरतं एवढंही लागू नये. अॅम्प्लिफायर, चार स्पीकर आणि आवाज खाली ठेवणारा कुणीतरी. हा शेवटचा माणूस शोधणं खरं कठीण. कारण अहिराणी गाणं लागलं, की खान्देशी हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो, आणि शेजारच्या वॉर्डात बाळंतीण झोपलेली असते.