दहा हजारांत त्रेसष्ट

एचआयव्हीबाधिताने वापरलेली सुई दुसऱ्याने नशेसाठी टोचून घेतली, तर लागण होण्याची शक्यता दर १०,००० वेळांमागे साधारण ६३. म्हणजे एक टक्काही नाही. हा आकडा ऐकून जीव भांड्यात पडतो, आणि घात तिथेच होतो.

हेरॉइनची तलफ दिवसातून तीन-चारदा उठते. रोज चार वेळा अशी सुई घेतली, तर ११० वेळा भरायला महिनाही लागत नाही. आणि तोवर लागणीची शक्यता ५० टक्क्यांवर गेलेली असते. सुई शिरेत बसली का, हे पाहायला दट्ट्या मागे ओढतात, तेव्हा सिरिंजमध्ये रक्त उतरते. नंतर पाण्याने खळबळली तरी आत थोडे उरतेच. तापमान मानवले, तर त्यात हा विषाणू ४२ दिवसांपर्यंत तग धरू शकतो.

मणिपूरने हे गणित भोगले. म्यानमारची सीमा लागून, त्यामुळे ‘नंबर फोर’ हेरॉइन सहज मिळे. सुई मात्र मिळणे कठीण, आणि जवळ सापडली तर पोलिसांची भीती. मग एकच सुई साऱ्या टोळक्यात फिरे. सप्टेंबर १९८९ पर्यंत तिथे टोचून नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एकही बाधित सापडला नव्हता. जून १९९० पर्यंत जवळपास निम्मे बाधित निघाले. अवघ्या नऊ महिन्यांत!

सवय बदलली की आकडे उतरतातही. न्यूयॉर्कमध्ये १९९० नंतरच्या दशकभरात वापरलेल्या सिरिंज घेऊन नव्या देण्याचे प्रमाण वर्षाला अडीच लाखांवरून ३० लाखांवर गेले. तिथल्या टोचून नशा करणाऱ्यांत नव्या लागणीचा दर वर्षाला शंभरांमागे साडेतीनवरून एकाच्या खाली आला. या लोकांनी नशा सोडली म्हणून हे घडले नाही. दुसऱ्याची सुई घेणे कमी झाले, त्यातून अनेक माणसे वाचली.

मणिपूरनेही १९९६ च्या एड्स धोरणात हाच मार्ग धरला. आज देशभरातल्या सरकारी कार्यक्रमात नव्या सुया मोफत मिळतात, जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळीही मिळते. तरीही भारतात टोचून नशा करणाऱ्यांत बाधितांचे प्रमाण सुमारे ९ टक्के आहे; सर्व प्रौढांत ते ०.२ टक्के. हे प्रमाण खाली आणायचे, तर सुया वाटल्याने नशा वाढते, ही ओरड आता तरी थांबायला हवी.

घरात, गल्लीत कुणी या विळख्यात असेल, तर त्याला हाकलू नका. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मदतीसाठी १०९७ या क्रमांकावर फोन करा.