पालवी फुटली म्हणजे मूळ फुटले नव्हे

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की मोगऱ्याची फांदी मागून आणून अंगणात खोचायची, हे काही नवे नाही. पंधरा-वीस दिवसांत तिला हिरवी पालवी फुटते. "रुजला हो मोगरा!" म्हणून ती उपटून बांधावर लावली जाते आणि आठ दिवसांत वाळते. मग दोष मातीला, नाहीतर हाताच्या गुणाला!

खरी चूक घाईची असते. पहिली पालवी फुटते ती फांदीत साठलेल्या अन्नावर. तेव्हा खाली मुळाचा पत्ताही नसतो. मूळ फुटायला साधारण दीड-दोन महिने लागतात.

डहाणू-तलासरीच्या कोरडवाहू भागात भात निघाले, की अनेक घरांना वीटभट्टीची वाट धरावी लागते. आपल्याच पालघर जिल्ह्यातील विक्रमगड, जव्हारकडे आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावून गावातच हाताला काम मिळवले आहे. त्यांची फुले मुंबईच्या बाजारात जातात. मात्र रोपे विकत घ्यायची तर आधी पैसा लागतो. तीच घरी तयार झाली, तर तेवढा खर्च वाचतो.

जून-जुलैमध्ये निरोगी झाडाची, पेन्सिलीएवढी जाड व फुले नसलेली फांदी निवडा. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे धारदार चाकूने करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका आणि वरचा सरळ घ्या, म्हणजे तुकडा उलटा लागणार नाही. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाका.

पिशवीला खाली भोके पाडून तिच्यात माती, नदीची वाळू आणि चांगले कुजलेले थोडे शेणखत भरा. किनाऱ्याजवळच्या भगिनींनी समुद्राची वाळू घेऊ नये. तिच्यातील खार कोवळी मुळे जाळतो. दोन डोळे मातीत जातील असा तुकडा लावून भोवतीची माती दाबा. मुळे फुटण्याची पावडर मिळाली, तर खालच्या टोकाला किंचित लावा. नसली तरी अडत नाही.

पिशव्या मांडवाच्या सावलीत ठेवा, पागोळ्यांखाली नकोत. माती ओलसर हवी, चिखल नको. पाणी साचले, की खालचे टोक कुजते. पावसाने उघडीप दिली, तर झारीने हलके पाणी द्या. मूळ आले का, हे उपटून पाहू नका. दोन महिन्यांनी बोटाने अलगद ओढून पाहा. तुकडा घट्ट वाटला किंवा भोकातून पांढरी मुळे दिसली, तरच रोप तयार समजा. नंतर आठवडाभर थोडेथोडे ऊन दाखवून मगच बांधावर न्या.

हीच युक्ती चिकूवर मात्र करू नका. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून त्याचे झाड आपल्याही दारी असावे असे वाटते. पण चिकूची फांदी अशी सहज रुजत नाही. त्याचे कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या रोपावर बांधतात. ते खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणावे.

यंदा दहाच फांद्या लावून पाहा. चार जगल्या, तरी पुढच्या वर्षीच्या फांद्या आपल्याच दारच्या झाडांवर मिळतील.