शिल्लक ट्रान्सफरची ताकद

फँटसी प्रीमियर लीग खेळताना : भाग ६

गेल्या भागात आपण १०० मिलियन पौंडांच्या बजेटमध्ये १५ जणांचा संघ कसा बसवायचा ते पाहिलं. दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड, आणि एका क्लबचे तीनपेक्षा जास्त खेळाडू नाहीत. संघ बसला की पुढे ३८ गेमवीक असतात आणि दर आठवड्याला तोच प्रश्न उभा राहतो. बदल करायचा का, आणि कुणाचा? आजचा भाग या एकाच प्रश्नासाठी राखून ठेवला आहे, कारण माझ्या मते वर्षभराचा निकाल इथेच ठरतो. ऑगस्टमध्ये चांगला संघ निवडणारे पुष्कळ असतात. तो ऑक्टोबरपर्यंत धड ठेवणारे थोडे.

नियम सोपा आहे. दर गेमवीकला एक ट्रान्सफर फुकट मिळते. त्याहून जास्त केल्या तर प्रत्येक जादा ट्रान्सफरमागे चार गुण कापले जातात. खेळणारे याला ‘हिट घेणं’ म्हणतात. न वापरलेली ट्रान्सफर पुढच्या आठवड्यात जमा होते. २०२३-२४ पर्यंत जास्तीत जास्त दोनच साठवता येत. २०२४-२५ पासून ही मर्यादा पाच झाली. हा बदल फार मोठा आहे आणि अजून अनेकांनी तो मनावर घेतलेला नाही. पूर्वी दोन आठवडे थांबलं की तिसऱ्या आठवड्याची ट्रान्सफर बुडायची, म्हणून काहीतरी बदल करून टाकायची सवय लागली. आता ती सवय सोडायला हवी.

एकट्या ट्रान्सफरचे हात बांधलेले असतात. डिफेंडर काढला तर डिफेंडरच घ्यावा लागतो, कारण दोन-पाच-पाच-तीन ही रचना मोडता येत नाही. पैसेही तेवढेच, म्हणजे विकलेल्याची किंमत आणि बँकेत उरलेले असतील ते. २०२४-२५ ची सुरुवात आठवा. अर्लिंग हालांडची किंमत होती १५ मिलियन, आणि इतके पैसे एकाच खेळाडूत कशाला अडकवायचे म्हणून काहींनी त्याला सोडलं होतं. २४ ऑगस्टला त्याने इप्सविचविरुद्ध हॅटट्रिक केली, ३१ ऑगस्टला वेस्ट हॅमविरुद्ध दुसरी. आता तो हवा झाला. पण तुमचा सगळ्यात महाग फॉरवर्ड साडेसात मिलियनचा असेल, तर एका ट्रान्सफरमध्ये तो येणार कसा?

तीन ट्रान्सफर हाताशी असतील तर येतो. दहा मिलियनचा मिडफिल्डर काढून पाचचा घ्यायचा, सात मिलियनच्या डिफेंडरच्या जागी साडेचारचा आणायचा. साडेसात मिलियन मोकळे झाले, आणि फॉरवर्डच्या जागी हालांड बसला. पहिल्या गेमवीकनंतर ज्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात हात आवरला होता, त्याच्याकडे चौथ्या गेमवीकला नेमक्या तीन ट्रान्सफर होत्या. त्याचा एकही गुण गेला नाही. दर आठवड्याला एकेक ट्रान्सफर उधळणाऱ्याला याच सौद्यासाठी आठ गुण मोजावे लागले असते, नाहीतर एका आठवड्यात हव्या तितक्या ट्रान्सफर फुकट देणारं वाइल्डकार्ड फोडावं लागलं असतं. साठवलेल्या ट्रान्सफरचा खरा उपयोग हा आहे. एकेका खेळाडूची अदलाबदल कुणालाही जमते, पण पैशांची अख्खी मांडणी बदलायला दोन-तीन ट्रान्सफर एकदम लागतात.

आता हिटचं गणित जरा सविस्तर मांडतो, कारण यात सर्रास फसगत होते. समजा, शुक्रवारी बातमी आली की तुमचा एक मिडफिल्डर जखमी आहे आणि या आठवड्याची फुकट ट्रान्सफर तुम्ही आधीच वापरून बसला आहात. मनात येतं, ‘हा शून्य गुण देणार, नवा घेतला तर निदान पाच-सहा मिळतील, चार गेले तरी फायदाच.’ यात दोन गोष्टी सुटतात.

पहिली म्हणजे बेंच. तुमचा खेळाडू मैदानात उतरलाच नाही, तर बेंचवरचा पहिला योग्य खेळाडू आपोआप संघात येतो. अट इतकीच की संघात किमान तीन डिफेंडर आणि एक फॉरवर्ड राहिला पाहिजे. ६० मिनिटं खेळणाऱ्याला काहीही न करता दोन गुण मिळतातच. म्हणजे तुलना नव्या खेळाडूची आणि शून्याची नसते. ती नव्या खेळाडूची आणि बेंचवरच्या दोन गुणांची असते. नव्याकडून पाच गुणांची अपेक्षा धरली तर फायदा तीनचा, आणि मोजायचे चार.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. ‘हा पुढचे सहा आठवडे खेळणार आहे, सहा आठवड्यांत चार गुण सहज वसूल होतील’ असं म्हटलं जातं. पण हाच खेळाडू पुढच्या आठवड्यात फुकट मिळणार आहे. हिट घेऊन तुम्ही विकत घेता तो फक्त एक आठवडा. चार गुण त्या एकाच आठवड्यात वसूल व्हायला हवेत. पुढच्या आठवड्याची ट्रान्सफर दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठी आधीच ठरलेली असेल, तर मात्र हिशेब बदलतो. दोन-तीन खेळाडू एकदम गळाले आणि बेंचवरही कुणी खेळणारं नाही, अशा वेळी हिट घ्यावी आणि मागे वळून पाहू नये. एरवी नाही.

म्हणूनच बेंचवर रोज खेळणारी माणसं हवीत, हे मी पहिल्या भागापासून सांगतो आहे. २०२५-२६ पासून तर स्वस्त सेंटर-बॅकचं मोल आणखी वाढलं. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून एका सामन्यात दहा झाले की डिफेंडरला दोन जादा गुण मिळतात. सतत दबावाखाली खेळणाऱ्या छोट्या क्लबचा डिफेंडर गोल खाऊनही चार गुण आणू शकतो, कारण खेळल्याचे दोन आणि बचावाचे दोन. फक्त संघाने खाल्लेल्या प्रत्येक दोन गोलांमागे डिफेंडरचा एक गुण जातो, हे लक्षात ठेवा. असा साडेचार मिलियनचा माणूस बेंचवर असला की शुक्रवारच्या बातम्यांनी घाबरायचं कारण उरत नाही.

मग बदल करायचा कधी? खेळाडूची जागाच गेली असेल तेव्हा. मोठी दुखापत, मॅनेजर बदलल्यामुळे बसणं, नव्या खेळाडूने पोझिशन घेणं ही खरी कारणं. एका सामन्याची बंदी हे कारण नाही. मोसमाच्या पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बाहेर बसावं लागतं. चांगल्या खेळाडूला त्यासाठी विकू नका, बेंचला काम करू द्या. सलग दोन सामन्यांत गोल नाही, हेही कारण नाही. तो ९० मिनिटं खेळतोय का, बॉक्समध्ये शॉट मारतोय का, पेनल्टी त्याच्याकडे आहे का, हे पाहा. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबा.

नवा खेळाडू घेतानाही हेच तीन प्रश्न विचारायचे. २०२३-२४ मधला कोल पामर याचं उत्तम उदाहरण आहे. १ सप्टेंबर २०२३ ला तो मँचेस्टर सिटीतून चेल्सीत आला तेव्हा या खेळात त्याची किंमत फक्त पाच मिलियन होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बर्नलीविरुद्ध त्याने चेल्सीसाठी पहिला लीग गोल केला, तोही पेनल्टीवर. एका गोलाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण ज्यांनी पाहिलं की हा मुलगा आता दर सामन्यात सुरुवातीपासून खेळतोय आणि चेंडू पेनल्टी स्पॉटवर तोच ठेवतोय, त्यांना पुढचं कळलं. मोसमाअखेर त्याचे २२ गोल झाले, त्यातले नऊ पेनल्टीवर, आणि २४४ गुण घेऊन तो या खेळात सगळ्यांच्या वर राहिला. याउलट एखादा बदली खेळाडू शेवटच्या २० मिनिटांत दोन गोल करतो, आणि सोमवारी हजारो लोक त्याला विकत घेतात. पुढच्या शनिवारी तो पुन्हा बाकावर. गेल्या आठवड्याचे गुण विकत घेता येत नाहीत.

आणखी एक अडचण मनाची आहे आणि ती आपल्याकडे चांगलीच ओळखीची आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं, की आपल्या तालमीचा खेळाडू कधी वाईट खेळलाच असं वाटत नाही. आर्सेनल, लिव्हरपूल किंवा युनायटेडवर जीव टाकणाऱ्यांचंही तसंच होतं. आपल्या क्लबचे तीन खेळाडू धरून ठेवायचे, आणि प्रतिस्पर्धी क्लबचा सालाह असो वा हालांड, तो घ्यायचाच नाही. प्रेम जरूर करा. पण २०२४-२५ मध्ये सालाहने २९ गोल आणि ३४४ गुण केले, या खेळातला तो विक्रम होता. युनायटेडवरच्या निष्ठेपायी त्याला वर्षभर बाहेर ठेवणाऱ्यांना ती तूट इतर कुठूनही भरून काढता आली नसती.

किमतीच्या मागे धावणं हा घाईचा आणखी एक प्रकार. खूप जणांनी विकत घेतला की खेळाडूची किंमत ०.१ ने वाढते, आणि ती वाढ पकडायला लोक सोमवार-मंगळवारीच ट्रान्सफर उरकतात. पण विकताना तुम्हाला नफ्याचा अर्धाच भाग मिळतो, तोही ०.१ च्या टप्प्यात खाली उतरवून. साडेसातला घेतलेला खेळाडू ७.८ वर गेला तरी तुमच्या हाती ७.६ च येतात. एवढ्याशा ०.१ साठी तुम्ही मंगळवार-बुधवारची चॅम्पियन्स लीग, गुरुवारची युरोपा लीग आणि मॅनेजरांच्या पत्रकार परिषदा, या सगळ्यांच्या आधीच निर्णय घेऊन मोकळे होता. बुधवारी रात्री नवा खेळाडू मांडी धरून बाहेर गेला की काय करणार? एखाद्या सौद्यात शेवटचा ०.१ सुद्धा महत्त्वाचा असेल तर गोष्ट वेगळी, पण असे आठवडे मोजके असतात.

तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, फक्त वेळ चुकवू नका. डेडलाइन गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारी इंग्लंडमध्ये साडेबाराचा सामना असेल तर उन्हाळी वेळेत आपल्याकडे ती दुपारी साडेतीनला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि मग ती साडेचार होते. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर आपल्याकडे डेडलाइन शुक्रवारी रात्री अकराला, हिवाळ्यात बाराला. जेवून झोपणारे नेमके याच आठवड्यांत फसतात. फोनवर आठवण लावून ठेवा.

साठवणुकीलाही एक अपवाद आहे. २०२५-२६ मध्ये आफ्रिका चषकासाठी डिसेंबरात खेळाडू मोरोक्कोला जाणार म्हणून आयोजकांनी १६ व्या गेमवीकला सगळ्यांच्या ट्रान्सफर पाचपर्यंत भरून दिल्या. हे मोसमाआधीच जाहीर झालं होतं. अशा वेळी त्या आठवड्यापर्यंत साठवत बसणं म्हणजे हातच्या ट्रान्सफर फुकट घालवणं. पाच शिल्लक असताना सहावी मिळत नाही, हे तर कायमच लक्षात ठेवायचं. पाचवर पोचलात की त्या आठवड्यात एक वापराच, निदान बेंच सुधारा.

कॅप्टन निवडायला मात्र ट्रान्सफर लागत नाही, आणि त्यावरच आपण सगळ्यात कमी वेळ घालवतो. २८ सप्टेंबर २०२४ ला पामरने ब्रायटनविरुद्ध पहिल्या हाफमध्येच चार गोल केले. मिडफिल्डरच्या गोलाला पाच गुण, म्हणजे गोलांचेच २०. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, म्हणून ज्यांनी त्याला कॅप्टन केलं होतं त्यांना ४०. कुठल्याही एका ट्रान्सफरमधून एका आठवड्यात इतका फरक पडणं विरळाच. सामना घरच्या मैदानावर आहे का, समोरचा बचाव किती गोल खातो आहे आणि पेनल्टी कुणाकडे आहे, एवढं पाहून कॅप्टन ठरवा. व्हाइस-कॅप्टनही नक्की खेळणाराच हवा. कॅप्टन उतरलाच नाही तर दुप्पट गुण त्याला मिळतात.

काही वाचकांनी पैशांबद्दल विचारलं होतं. हा खेळ फुकट आहे, यात पैसे लावायचे नसतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, त्याच्याशी याची गल्लत करू नका. आणि मित्रांच्या मिनी-लीगमध्ये पैशांची पैज लावू नका, ही माझी मनापासूनची विनंती. पैज लागली की धीर सुटतो आणि हिटवर हिट घेतल्या जातात.

वाइल्डकार्ड, बेंच बूस्ट, ट्रिपल कॅप्टन आणि फ्री हिट यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू. तोवर एक काम करा. डेडलाइनच्या दिवशी संघ उघडा, अकराही जण खेळणार आहेत का ते तपासा, कॅप्टन नीट निवडा. अकराही जण खेळणार असतील आणि पाच ट्रान्सफर साठलेल्या नसतील, तर या आठवड्यात ट्रान्सफर करू नका.