चार तासांचं घड्याळ

संपादकांनी सुचवला होता विषय माझगावातल्या रुग्णालयांचा. माझगाव म्हटलं की नेसबिट रोडवरचं प्रिन्स अली खान रुग्णालय आठवतं. 1945 साली सुरू झालेलं, पुढे कर्करोगाच्या उपचारांसाठी नावाजलेलं. इमारत धोकादायक ठरल्याने 2022 साली तिथे नवे रुग्ण घेणं थांबलं. ते रुग्ण इतर रुग्णालयांत गेले असतील. पण ज्यांच्या आजारावर कुठल्याच रुग्णालयात इलाज उरलेला नाही, ती माणसं कुठे जातात? घरी. म्हणून रुग्णालयाचा नाद सोडून मी घरोघरी जाऊन उपशामक सेवा देणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या नर्ससोबत डॉकयार्ड रोड स्टेशनवरून निघाले.

या कामाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांसाठीचं सेवागृह, उघडलं. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेलं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2012 साली या विषयाचं एम. डी.चं शिक्षण सुरू झालं, तेही देशात पहिल्यांदा. ‘पालकेअर’सारख्या संस्था मुंबईत घरी जाऊन विनामूल्य सेवा देतात. एवढं वाचून गेले होते. चाळीचे जिने चढल्यावर मात्र सगळं लक्ष एका भिंतीकडे गेलं.

भिंतीवर कालनिर्णय होतं. शेजारी पुठ्ठ्याचा तक्ता, त्यावर स्केचपेनने काढलेली पाच घड्याळं: सकाळचे 6, 10, दुपारचे 2, संध्याकाळचे 6, रात्रीचे 10. पहिल्या चार घड्याळांखाली एकेक गोल. शेवटच्याखाली दोन गोल आणि एक चंद्रकोर. हा तक्ता सिस्टरने काढला होता, कारण औषध देणाऱ्या काकूंना अक्षरओळख बेताची.

रुग्ण म्हणजे काका, गोदीतून निवृत्त झालेले. जबड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही होऊन गेलेलं. सिस्टरने बसल्या बसल्या पहिला प्रश्न केला, “काका, आज रुपयातलं किती दुखतंय?”

काकांनी बोटं दाखवली. काकूंनी अर्थ सांगितला, “चार आणे. मागच्या सोमवारी सोळा आणे होतं.”

मधल्या काळात काही चमत्कार झाला नव्हता. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या होत्या. तोंडाने घेतलेल्या या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून पुढची गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नसते, घड्याळ बघून द्यायची असते. रात्री दहाला दुप्पट मात्रा, म्हणजे दोन वाजता कुणाला उठावं लागत नाही. चंद्रकोर त्यासाठी. मध्येच दुखणं उसळलं तर जादा मात्रा वेगळी, आणि तिची नोंद ठेवायची. सगळ्या दिवसाची बेरीज पाहून डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात.

“दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय उपयोग?” सिस्टर म्हणाली. याहून नेमकं मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

मग जखम. ड्रेसिंग उघडताच खोलीभर वास पसरला. सिस्टरने सलाइनने हलक्या हाताने धुतलं, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून त्यांची पूड केली आणि जखमेवर पसरली. वास करणाऱ्या जंतूंवर हे स्वस्त औषध काम करतं. काही दिवसांत वास कमी होतो आणि नातवंडं पुन्हा खाटेपाशी येऊ लागतात. निघण्याआधी तिने पोट साफ होतंय का ते विचारलं. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं. ते विसरलं की घरचे लोक मॉर्फिनच बंद करतात.

शेवटी तिने रिकाम्या पट्ट्या मोजून घेतल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि वहीत सही घेतली. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्याही अशाच मोजून परत घेतल्या जातात. एवढी शिस्त असताना गैरवापराची भीती दाखवून हे औषध अडवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि ते अडवलेलं आहेच. भारतात कायद्याने अफू पिकते, परदेशीही जाते. तरी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. चार-पाच परवाने लागत, तेही वेगवेगळ्या खात्यांचे आणि सगळे एकाच वेळी मुदतीत असलेले. त्या कटकटीपेक्षा औषध न ठेवणं सोपं होतं. 2014 च्या दुरुस्तीने हा गुंता सुटला आणि मान्यता देण्याचं काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आलं. पण मधल्या काळात मॉर्फिन कधी हाताळलंच नाही अशा डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. तिचा बिचकलेपणा कायद्याच्या दुरुस्तीने जात नाही.

घरातली भीती वेगळी. “शेजारी म्हणतात, ही गोळी सुरू झाली म्हणजे संपलं,” काकूंनी दबक्या आवाजात सांगितलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही, दुखण्यासाठी घेणाऱ्याला सहसा व्यसनही लागत नाही. सिस्टर हे दर घरात पुन्हा नव्याने समजावते.

तिच्या हाताबाहेरच्या गोष्टी कितीतरी. संडास गॅलरीच्या टोकाला, काकांना तिथवर चालवत नाही. सेवा करणारी बहुधा एकच बाई, तिला आठवड्याची सुट्टी नाही. आरोग्य विम्यात अशा घरच्या सेवेला बहुतेक वेळा जागा नाही. आणि सगळ्यांत अवघड असते रात्र. श्वास घरघरायला लागला की गावाहून आलेला पुतण्या अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो, माणूस अतिदक्षता विभागात जातो, नळ्या लागतात. रुग्णाला हे नको होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, लिहून कुणीच ठेवलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरतं. माणूस घरी शांतपणे गेला, तरी दाखल्यासाठी धावपळ चुकत नाही. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र स्मशानात मागतात आणि पहाटे तीनला घरी येऊन ते देणारा डॉक्टर शोधावा लागतो.

यातल्या एकाही अडचणीला नवा शोध लागत नाही. औषध आहे, स्वस्त आहे, वापरायची रीत जुनी आहे. कमी आहे ती घरी येणाऱ्या माणसांची. महापालिकेने आपल्या दवाखान्यांतून प्रत्येक वॉर्डात अशी पथकं नेमावीत, त्यांच्याकडे मॉर्फिनचा साठा असावा आणि रात्री उचलला जाणारा एक फोन असावा. तोवर वाचकांनी एवढं करावं: घरात कुणाचा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर “आता काही करता येणार नाही” हे उत्तर मान्य करू नका. डॉक्टरांना विचारा, “दुखणं थांबवण्यासाठी काय करता येईल आणि ते कोण करेल?” हा प्रश्न आजार वाढण्याआधी विचारा, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.