परसातलं काढता-घालता कुंपण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसमतच्या भागात घरामागची मोकळी जागा वर्षभर एकाच कामाची नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद शिजली की ती वाळत घालायला जागा लागते, लग्नसराईत मांडव पडतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती वाळवायला आजही मोकळं अंगणच लागतं. अशा परसात वर्षभराचं, अंगात वारं शिरलेलं कुत्रं सांभाळायचं तर पक्क्या भिंतीपेक्षा काढता-घालता येणारं कुंपण सोयीचं. त्याबद्दलच्या काही समजुती मात्र पारखून घ्यायला हव्यात.

गैरसमज: कुंपण उंच असलं की झालं.
वस्तुस्थिती: कुत्री वरून जातात तशी खालूनही जातात, आणि पावसाने भिजलेली माती उकरायला वेळ लागत नाही. मध्यम अंगाच्या कुत्र्याला चार फूट उंची बहुधा पुरते. कारवान, पश्मी किंवा जर्मन शेफर्डसाठी पाच-सहा फूट धरा. त्याहून महत्त्वाचा असतो तळ. दीड-दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी कुंपणाच्या बुडाला तारेने बांधून आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा आणि वर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा. कुत्रा कुंपणाला नाक लावून उकरतो. तिथेच पंजाला जाळी लागली की तो प्रयत्न सोडतो. पाण्याची टाकी, बाज, विटांचा ढीग कुंपणालगत नको. त्या त्याच्या पायऱ्या होतात.

गैरसमज: काढता येणारं कुंपण कच्चंच असणार.
वस्तुस्थिती: कच्चेपणा येतो तो नुसते खांब ठोकल्याने. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचेवर पुरलेला खांब कलतो. उपाय साधा आहे. दोन फूट खड्डा घ्या, तळाला खडी टाका आणि दोन इंची जीआय पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये उभा बसवा. त्यात दीड इंची पाइपचा खांब उतरतो आणि हवा तेव्हा उपसता येतो. खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता नको, नाहीतर फुगणारी माती काँक्रीट वर ढकलते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या इमारतींसाठी तळाशी फुगीर पाये विकसित केले, त्यामागेही मातीचा हाच स्वभाव आहे. वेल्डमेशच्या चौकटी खांबांना वेल्डिंग न करता क्लॅम्प आणि नटबोल्टने जोडा. खांब काढल्यावर भोकांवर झाकणं लावा. कुणाचा पाय अडकणार नाही, विंचूही आत बसणार नाही.

गैरसमज: हिरवी शेडनेट किंवा काटेरी तार पुरते.
वस्तुस्थिती: शेडनेट दातांनी फाटते आणि गिळलेले धागे आतड्यात अडकू शकतात. काटेरी तार कुत्र्याला थांबवत नाही, फाडते. उघड्या जखमेवर माश्या बसल्या की अळ्या पडतात. जाळीवर बाहेरून शेडनेट लावणं मात्र उपयोगी. रस्त्यावरची हालचाल दिसली नाही की धावून जाणं कमी होतं. शिकारी जातीच्या, नजरेने सावज टिपणाऱ्या कुत्र्यांत हा फरक अधिक जाणवतो.

गैरसमज: शेतातल्यासारखा करंट सोडला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: घरातली २३० व्होल्टची वीज तारेत थेट सोडणं बेकायदा आणि जीवघेणं आहे, रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी माणसंही दगावली आहेत. झटका मशीनचा धक्का थोड्या ऊर्जेचा आणि थांबून-थांबून येणारा असतो, तरी परसात तो नकोच. मांजरामागे सुटलेला कुत्रा धक्का सोसून बाहेर पडतो आणि परत येताना त्याच तारेला घाबरतो. वेदनेच्या क्षणी समोर लहान मूल असेल, तर राग त्याच्यावर निघू शकतो.

गैरसमज: कुंपणाच्या खर्चापेक्षा साखळी बरी.
वस्तुस्थिती: भिंतीजवळ बांधलेला कुत्रा उडी मारून पलीकडे लोंबकळला तर गळफास बसतो. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे.

गैरसमज: कुंपण झालं, आता फिरवायला नको.
वस्तुस्थिती: तेच कलम सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणाऱ्या मालकालाही दोषी धरतं. रिकामं परस म्हणजे व्यायाम नव्हे. एकटा पडलेला कुत्रा खड्डे काढतो, भुंकतो, वाटा शोधतो. सकाळ-संध्याकाळ फिरवणं आणि खेळ हवाच. उन्हाळ्यात त्याला सावलीची जागा आणि पाणी लागतं. पत्र्याचं खुराडं सावली देत असलं तरी आतून भट्टीसारखं तापतं. नराची नसबंदी केल्यास मादीच्या मागे पळण्याची ओढ बऱ्याचदा कमी होते.

गैरसमज: घराबाहेर जातच नाही, मग रेबीजची लस कशाला?
वस्तुस्थिती: जाळीच्या भोकांतून मोकाट कुत्र्याचे दात आत पोचतात. तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग पशुवैद्यक सांगतील तसे पुढचे डोस चुकवू नका. माणसाला चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

कुंपण उभं राहिल्यावर पहिले काही दिवस कुत्र्याला तिथे एकटं सोडू नका. तो कुठे नाक खुपसतो, कुठे पुढचे पाय टेकवतो, फाटकाच्या कडीशी कसा खेळतो ते पाहा. दुरुस्ती नेमकी तिथेच करायची आहे, आणि फाटकाला दुसरी कडी तर पहिल्याच दिवशी लावून घ्या.