कॉलेजचें पहिलें सत्र

जुलैचा पाऊस अंगावर घेत नवे विद्यार्थी कॉलेजच्या दारांत शिरतात, तेव्हां त्यांच्यांत एक मुलगा हटकून असतो. तालुक्याच्या गांवीं मराठी शाळेंत तो पहिल्या दोघां-तिघांत होता. शिक्षक त्याची वही इतरांना दाखवीत. येथें तो मागच्या बाकावर बसतो. प्राध्यापक इंग्रजींत बोलूं लागतात. पहिलीं दोन वाक्यें कळतात, तिसऱ्यांत एक अनोळखी शब्द अडतो, तो उलगडेपर्यंत पुढचीं चार वाक्यें निघून जातात, आणि तास संपतो तेव्हां वहींत तारीख व अर्धवट मथळा एवढेंच उरतें. असे पंधरा दिवस गेले म्हणजे तो स्वतःशींच निकाल लावतो कीं, हें आपल्याला जमणारें नाहीं. घरीं तो कांहीं बोलत नाहीं. कारण घरच्यांनीं फी कशी उभी केली हें त्याला ठाऊक असतें. दिवाळीच्या सुट्टींत तो गांवीं जातो, आणि कधीं कधीं परत येतच नाहीं.

हा निकाल बहुतेक वेळां चुकीचा असतो. विषय न समजणें आणि विषयाची भाषा न समजणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. परंतु वर्गांत बसलेल्या मुलाला त्या एकच वाटतात. त्यानें स्वतःची एक साधी परीक्षा घ्यावी. जो भाग तासाला कळला नाहीं तोच मराठींतील एखाद्या चांगल्या पुस्तकांत वाचून पाहावा. तेथें तो कळला, तर अडचण बुद्धीची नाहीं, शब्दांची आहे. आणि शब्दांची अडचण कांहीं महिन्यांत दूर होण्यासारखी असते. तेथेंहि कळला नाहीं, तर मात्र मागील इयत्तेचें पुस्तक पुन्हां उघडावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली, आणि १८६२ सालीं पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. एकाचा जन्म निफाडचा व शाळा कोल्हापूरची, दुसऱ्याचा जन्म मालवणचा व शाळा रत्नागिरीची. थोरांचीं नांवें घेऊन मुलांना दडपून टाकण्याची एक वाईट खोड वडीलधाऱ्यांना असते. तो हेतु येथें नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, घरची भाषा एक आणि कॉलेजची भाषा दुसरी ही स्थिति या प्रांतांत पहिल्या पदवीधरापासूनची आहे. तिच्यांतून वाट काढण्याच्या रीतीहि तितक्याच जुन्या आहेत.

त्यांतली पहिली रीत म्हणजे शब्दांची वही. ही वही इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ अशा दोन रकान्यांची नसावी. तशी वही पुष्कळ मुलें करतात आणि श्रावण संपण्यापूर्वीं टाकून देतात. तिला तीन रकाने असावे. पहिल्यांत इंग्रजी शब्द, दुसऱ्यांत मराठी पारिभाषिक शब्द, आणि तिसऱ्यांत स्वतःला सुचलेलें उदाहरण. खरें मोल या तिसऱ्या रकान्याचें आहे. कारण शास्त्रांतले शब्द रोजच्या बोलण्यांतल्या शब्दांसारखे दिसतात, पण तसे वागत नाहींत.

पदार्थविज्ञानांतील ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ हे दोन शब्द घ्या. बोलतांना दोहोंनाहि आपण ‘वेग’च म्हणतों. शास्त्रांत पहिल्याला ‘चाल’ आणि दुसऱ्याला ‘वेग’ म्हणतात, व वेगाला दिशा असते. वर्तुळाकार रस्त्यावर ताशीं ३० किलोमीटर या एकाच चालीनें फिरणाऱ्या गाडीचा वेग क्षणोक्षणीं बदलत असतो. कारण तिची दिशा बदलत असते. हें ज्याला तिसऱ्या रकान्यांत लिहितां आलें त्याला व्याख्या पाठ करण्याची गरज पडत नाहीं.

अर्थशास्त्रांतलें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. ‘मागणी वाढली’ हें वाक्य प्रत्येकानें बाजारांत ऐकलेलें असतें. परंतु आंब्याचा भाव उतरला म्हणून लोक अधिक आंबे घेऊं लागले, तर अर्थशास्त्रज्ञ त्याला मागणी वाढली असें म्हणत नाहीं. मागणी होती तीच आहे, त्या भावाला खपणारी नगसंख्या तेवढी वाढली, असें तो म्हणतो. उलट अक्षय्यतृतीया जवळ आली आणि कालच्याच भावाला आज दुप्पट पेट्या खपल्या, तर तेथें मागणीच वाढली. आलेखांत पाहिलें तर पहिल्या प्रसंगीं आपण त्याच वक्ररेषेवर खालीं सरकलों, दुसऱ्या प्रसंगीं अख्खी रेषाच उजवीकडे सरकली. प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांत हा घोटाळा हमखास सांपडतो, आणि त्याचें कारण इंग्रजी कच्चें असणें हें नव्हे. इंग्रजी माध्यमांतलीं मुलेंहि तो तितक्याच सहजतेनें करतात. मराठी शाळेंतून आलेला मुलगा शब्दापाशीं अडतो म्हणून त्याला थांबून विचार करावा लागतो. हें थांबणें त्यानें उपयोगांत आणलें, तर त्याचाच पाया अधिक पक्का होतो.

या दुसऱ्या रकान्यासाठीं साधनें पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाचें भाषा संचालनालय १९६० सालीं स्थापन झालें. त्यानें निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश काढलेले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि आज तो सारा कोश मोबाईलवर फुकट वाचतां येतो. एखादा भाग इंग्रजी पुस्तकांत वाचण्यापूर्वीं त्यावरील विश्वकोशांतली नोंद वाचून घेतली, तर निम्मी लढाई जिंकल्यासारखीच आहे.

आतां तासाला बसण्याविषयीं. शाळेंत शिक्षक धडा शिकवितात, मग पुन्हां सांगतात, मग प्रश्नोत्तरें घालतात. कॉलेजांत एक गोष्ट एकदांच सांगितली जाते. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रांत सुमारें साठ तासांचीं व्याख्यानें. त्या साठ तासांत पुस्तक पुरें होत नाहीं, नुसता रस्ता दाखविला जातो. म्हणून तासाला जाण्यापूर्वीं दहा मिनिटें तो भाग डोळ्यांखालून घालावा. समजला नाहीं तरी चालेल. उद्देश एवढाच कीं, वर्गांत जे पांच-सहा नवे शब्द कानांवर आदळणार आहेत त्यांचीं तोंडें आधीं पाहिलेलीं असावीं. अनोळखी शब्द कानाला अडतो. पाहिलेला शब्द न कळला तरी अडत नाहीं, आणि वाक्य पुढें जातें.

लिहून घेतांना प्रत्येक शब्द टिपण्याचा हव्यास धरूं नये. व्याख्या आणि सूत्रें जशींच्या तशीं घ्यावीं. उदाहरण दोन शब्दांत, आणि वाटलें तर बेलाशक मराठींत घ्यावें. प्राध्यापक ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘याउलट’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतात तेथें कान टवकारावे; युक्तिवाद तेथें वळत असतो. पानाच्या डाव्या बाजूचा चौथा हिस्सा कोरा सोडावा. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत वॉल्टर पॉक यांनीं रूढ केलेली ही पद्धति आहे. त्याच दिवशीं संध्याकाळीं टांचण वाचावें आणि त्या कोऱ्या जागेंत, उजवीकडील मजकूर ज्याचें उत्तर होईल असे प्रश्न लिहावे. पुढें उजळणीच्या वेळीं उजवी बाजू हातानें झांकली कीं, वहीच परीक्षक होते.

फळ्याचें छायाचित्र मोबाईलवर घेण्याची चाल आतां सर्रास पडली आहे. त्यानें फळा साठविला जातो, डोक्यांत कांहीं जात नाहीं. त्या छायाचित्रांपैकीं कितीं पुन्हां उघडलीं जातात हें ज्याचें त्यानें मोजून पाहावें. लॅपटॉपवर टिपणें घ्यावीं कीं हातानें, हाहि वाद आहे. २०१४ सालीं म्युलर आणि ओपेनहायमर या दोघा अमेरिकन संशोधकांनीं प्रयोग केला, त्यांत यंत्रावर लिहिणारे विद्यार्थी शब्द अधिक टिपतात, पण जसेच्या तसे टिपतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत मागें पडतात असें दिसलें. पुढें इतरांनीं तो प्रयोग पुन्हां केला तेव्हां हा फरक तितका स्पष्ट आढळला नाहीं. तेव्हां साधन कोणतेंहि असो. ऐकलेलें आपल्या शब्दांत मोडून लिहिण्याची संवय मात्र सुटूं देऊं नये.

टांचण घेतलें, वही भरली, तरी विसरण्याचें काय? १८८५ सालीं हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या त्यानें पाठ केल्या, आणि कांहीं काळानें त्याच पुन्हां पाठ करावयास कितीं श्रम वांचतात तें मोजलें. एका तासानें निम्म्याहून अधिक लाभ नाहींसा झालेला होता, एका दिवसानें सुमारें दोन तृतीयांश, आणि महिन्यानें सुमारें चार पंचमांश. म्हणजे विसरणें हें पहिल्याच दिवशीं भरधाव होतें, मग मंदावतें. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्यानें जात नाहीं हें खरें. तरीहि सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यांत सारें वाचून काढूं म्हणणारा मुलगा उजळणी करीत नसतो, बहुतांशीं नव्यानेंच शिकत असतो.

उजळणी कशी करावी याविषयीं तर बहुतेक घरांत चुकीचीच समजूत आहे. मूल पुस्तक पुढें घेऊन बसलें आहे, तोच धडा चौथ्यांदा वाचीत आहे, हें पाहून आईबापांना समाधान वाटतें. २००६ सालीं सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर आणि कार्पिकी यांनीं हेंच तपासलें. एका गटानें उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्यानें एकदांच वाचला, आणि नंतर तीन वेळां, उतारा समोर नसतांना, आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांचा गट पुढें होता: शेंकडा ८३ विरुद्ध ७१. आठवड्यानें घेतली तेव्हां उलटें झालें: वाचणाऱ्यांना शेंकडा ४० आठवलें, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

यांतली फसवणूक नीट पाहण्यासारखी आहे. पुन्हां पुन्हां वाचणाऱ्याला आपला अभ्यास झाला असें खरोखरच वाटतें, आणि पांच मिनिटांपुरतें तें खरेंहि असतें. पुस्तक मिटून कोऱ्या कागदासमोर बसणारा मुलगा अडखळतो, खाडाखोड करतो, चिडतो. त्याला वाटतें, आपल्याला कांहींच येत नाहीं. पण तें अडखळणें म्हणजेच अभ्यास. म्हणून दुसऱ्या दिवशीं दहा मिनिटें, आठवड्यानें दहा मिनिटें, महिन्यानें पंधरा मिनिटें पुस्तक मिटून लिहावें, मग उघडून पाहावें, आणि चुकलेलें लाल शाईनें दुरुस्त करावें. मराठी माध्यमांतल्या मुलानें पहिल्यांदा मराठींत आठवावें, दुसऱ्यांदा इंग्रजींत. दोन्ही एकदम साधण्याच्या हट्टानें दोन्ही बिघडतात.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यांत. पुष्कळ ग्रंथालयांतून मेल्व्हिल ड्युई यानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेली दशांश पद्धति वापरतात. ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ५१० गणित, ५३० पदार्थविज्ञान, ९५४ हिंदुस्थानचा इतिहास. आपल्या विषयाचा आंकडा लक्षांत ठेवून त्या कपाटाशीं एकदां अर्धा तास उभें राहावें. नेमलेलें पुस्तक अवघड वाटलें, तर शेजारीं त्याच विषयाचें सोपें पुस्तक उभें असतें. बाजारांतल्या अपेक्षित प्रश्नसंचांवर जितके पैसे जातात त्यांत एक चांगला कोश येतो.

निबंध किंवा प्रकल्प लिहितांना उतरवून काढण्याचा मोह होतो. शाळेंत पुस्तकांतलें वाक्य जसेंच्या तसें लिहिलें म्हणजे गुण मिळत, तेव्हां मुलाला यांत वावगें दिसत नाहीं, आणि सर्वस्वीं त्यालाच दोष देतां येत नाहीं. परंतु येथें नियम बदलतो. दुसऱ्याचें वाक्य घेतलें तर अवतरणचिन्हांत घालून ग्रंथाचें नांव व पृष्ठ द्यावें. विचार घेतला तरी नांव द्यावें. प्रबंधांतील उसनवारीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं नियमच केले आहेत. आतां तर विचारल्याबरोबर सफाईदार इंग्रजींत निबंध लिहून देणारीं यंत्रें मुलांच्या खिशांत आहेत. न समजलेलें वाक्य सोपें करून घेण्यास त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र त्यांचें म्हणणें पुस्तकाशीं ताडून पाहावें, कारण तीं यंत्रें चूकहि तितक्याच सफाईनें करतात. पण निबंध यंत्राकडून लिहवून घेणाऱ्या मुलाची अवस्था दुसऱ्यानें जेवून आपलें पोट भरावें अशी इच्छा करणाऱ्यासारखी होते. परीक्षेच्या दालनांत तो उपाशीच बसतो.

शेवटची गोष्ट प्रश्न विचारण्याची. भर वर्गांत मोडक्या इंग्रजींत विचारण्याचा धीर होत नसेल, तर तास संपल्यावर दारापाशीं गांठून मराठींत विचारावें. ‘सर, मला कांहींच समजलें नाहीं’ असें मात्र म्हणूं नये. त्याला कोणी काय उत्तर देणार? वही उघडून, कोठपर्यंत कळलें आणि कोणत्या ओळीपाशीं अडलें, तें बोट ठेवून दाखवावें. असा विद्यार्थी प्राध्यापकांना क्वचित् भेटतो, आणि भेटला कीं बहुतेक जण थांबतात. एक थांबला नाहीं तर दुसऱ्याकडे जावें, किंवा वरच्या वर्गांतला, आपल्यासारख्याच शाळेंतून आलेला मुलगा गांठावा. दोन वर्षांपूर्वीं तो याच बाकावर बसलेला असतो, आणि त्याची शब्दांची वही अजून त्याच्याजवळ असण्याचा संभव असतो.

घरच्या माणसांनीं या काळांत एवढेंच करावें: गुण किती पडले हें विचारण्याआधीं आज काय शिकविलें तें मराठींत सांगावयास लावावें. आईला वक्ररेषेचें नांव कळलें नाहीं तरी अक्षय्यतृतीयेचा भाव तिला प्राध्यापकापेक्षां अधिक कळतो. पहिल्या चाचणीचा पेपर परत मिळेल तेव्हां तो कपाटांत न लपवितां टेबलावर ठेवावा, आणि प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहावें: शब्द कळला नव्हता तर ‘श’, मुद्दा कळला नव्हता तर ‘म’, येत असून वेळ पुरला नाहीं तर ‘व’. पहिल्या चाचणींत ‘श’ची संख्या मोठी असेल. दुसऱ्या चाचणीनंतर ती पुन्हां मोजावी.